फोटो पाठवा बरं का

मुंबई-पुण्याच्या कलादालनांत माझ्या फोटोंसमोर लोक गप्प उभे राहतात. हनुवटीवर बोट, मान किंचित तिरकी, एक पाऊल मागे, पुन्हा एक पाऊल पुढे. मग चेहऱ्यावर बेताचं दुःख घेऊन पुढच्या फोटोकडे सरकतात आणि चहाच्या टेबलापाशी पोचले की ते दुःख बिस्किटाबरोबर गिळून टाकतात. ही शांतता म्हणजे दाद, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. आता मला वाटतं, त्या मंडळींकडे बोलण्यासारखं काही नसावं. ऊस त्यांनी पाहिलेला असतो तो रसवंतीच्या चरकात, आले-लिंबासकट.

माझं काम ऊसतोड कामगारांवरचं. दिवाळी उरकली की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडून लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि खाली कर्नाटकात उतरतात. मोजदाद माणसांची होत नाही, कोयत्यांची होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर अर्धा. नव्वदच्या दशकात निकॉन एफएम-टू गळ्यात अडकवून मी या टोळ्यांच्या मागे फिरायला लागले. पहाटे फडात, रात्री कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर. एका रोलात 36 फोटो, त्यामुळे बटण दाबण्याआधी विचार करावा लागे. हल्ली दाबल्यानंतरही करत नाहीत, पण तो विषय वेगळा. तो काढला की माझं वय कळतं.

तर बालाघाटच्या डोंगरात वसलेल्या एका तालुक्याच्या गावातून फोन आला. मराठीचे प्राध्यापक होते. 19 ऑगस्टला जागतिक छायाचित्र दिन असतो. 1839 साली त्या तारखेला फ्रान्सच्या सरकारने दागेरची फोटो काढण्याची युक्ती जगाला खुली केली, म्हणून. सरांना दागेरशी फार देणंघेणं नव्हतं. त्यांचा मुद्दा सरळ होता. ‘मॅडम, तुम्ही फोटो दाखवायला या. आमची निम्मी पोरं तुमच्या फोटोतलीच आहेत.’

गेले. आधी सत्कार. शाल, श्रीफळ, पुस्तक आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुदमरलेला गुच्छ. समोर गावातल्या स्टुडिओचे मालक कॅमेरा सरसावून उभे. शाल खांद्यावर पडली आणि ते म्हणाले, ‘सर, परत एकदा.’ प्राचार्यांनी शाल काढली, पुन्हा घातली. ‘मॅडम, हनुवटी खाली. नारळ जरा वर. इकडं बघा.’ मी आयुष्यभर ‘घडतं तसंच टिपायचं’ या तत्त्वावर भाषणं दिलेली बाई. नारळ वर धरून तीन वेळा कृतज्ञ दिसले.

मग सरांनी स्वतःचा मोबाइल काढला. स्टुडिओवाल्यांचा फोटो स्थानिक पेपरसाठी होता, सरांचा कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या समितीसाठी. समितीला नुसता फोटो चालत नाही, जिओटॅग लागतो. फोटोच्या खाली गाव, तालुका, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश असा पट्टा आला पाहिजे. नाहीतर कार्यक्रम झालाच नाही असं धरतात. सरांनी फोटो काढून पाहिला. पट्ट्यात शेजारच्या तालुक्याचं नाव आलं होतं. सगळ्यांना खिडकीच्या बाजूला सरकवण्यात आलं. तिथे आमचा तालुका लागला. बाहेरचं तापमान 29 अंश आहे हेही कळलं. डॉक्युमेंटरी फोटोग्राफी या विषयावर मी पुढे दीड तास जे बोलले, ते मला वाटतं या पट्ट्यात आधीच येऊन गेलं होतं: कुठे, केव्हा, आणि तू खरंच तिथे होतीस का?

प्रोजेक्टर लागायला वेळ लागला. तोवर मी मुलांना जेकब रीसची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कमधला पोलिस-बातमीदार. 1880च्या दशकात गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांत शिरून फ्लॅशची पावडर पेटवायचा आणि मग काचेच्या स्लाइडा कंदिलावर दाखवत व्याख्यानं द्यायचा. त्या पावडरीने त्याने दोनदा घराला आग लावली आणि एकदा स्वतःला, असं त्याने आत्मचरित्रातच लिहून ठेवलंय. त्या मानाने आपला प्रोजेक्टर नुसताच बंद पडतोय, ही प्रगती आहे. पोरं हसली. शिपाईमामा हसले नाहीत. वायर त्यांच्या हातात होती.

लुईस हाइन मुलांना फार आवडला. हाही मुळात शाळामास्तर. 1908 पासून अमेरिकेच्या गिरण्यांत, खाणींत काम करणाऱ्या लहान मुलांचे फोटो काढत हिंडला. मालक आत सोडत नसत, म्हणून कधी विमा एजंट, कधी बायबल विकणारा बनून जायचा. पोराची उंची मोजायला पट्टी काढली तर पकडला जाईल. मग स्वतःच्या कोटाचं कितवं बटण जमिनीपासून किती उंचीवर, हे त्याने पाठ करून ठेवलेलं. पोरगं शेजारी उभं राहिलं की उंची कळली, उंचीवरून वयाचा अंदाज, आणि खिशातल्या खिशात नोंद. हे ऐकून मागच्या बाकावरचा एक जण उठून शेजाऱ्याच्या शर्टाला लागून उभा राहिला. ‘मॅडम, हा तिसऱ्या बटणाचा.’ वर्ग खूश. शेजारी नाही.

होमाय व्यारावाला सांगितल्या. आपल्याकडच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या. सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापून येत. पुढे दिल्लीत नेहरू, माउंटबॅटन, सगळं त्यांनी टिपलं. एवढ्यावर वर्ग सभ्यपणे बसून होता. मग मी म्हणाले, त्यांचं टोपणनाव होतं ‘डालडा 13’. जन्म 1913चा, नवऱ्याची भेट तेराव्या वर्षी, आणि पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी 13. एकदम जिवंतपणा आला. गाडीचा नंबर हा या मुलांच्या हृदयाचा विषय. 4141 असा काढून घेतला की ‘दादा’ वाचता येतं, 8055चा ‘बॉस’ होतो, आणि त्यासाठी माणसं आरटीओत किती मोजतात, हे मला तीन बाजूंनी समजावून देण्यात आलं. पद्मविभूषण मिळाल्याचं मी सांगितलं, पण तोवर व्यारावालाबाई गाडीच्या नंबरावर पास झाल्या होत्या.

डोरोथिया लँगपाशी मात्र गाडं अडलं. 1936, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाण्याच्या शेतमजुरांचा तळ. तंबूतली ती आई, खांद्यांत तोंड लपवलेली दोन मुलं. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध फोटोंपैकी एक. सरकारी योजनेसाठी काढलेला. त्या योजनेचा साहेब रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हला पंचने चक्क भोक पाडायचा, हेही मी चवीने सांगितलं. शिवाय मूळ फोटोत खाली कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा दिसतो. लँगला तो खुपला. काही वर्षांनी तिने निगेटिव्हवरून तो पुसवून घेतला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाची, कानात बारीक खडे.

‘मॅडम, त्या बाईला फोटो पाठवला का?’

नाही पाठवला. त्या बाईचं म्हणणं 1978 साली जगाला कळलं. तिचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. काढणारीने नावही विचारलं नाही, एक प्रत पाठवते म्हणाली होती ती कधी आली नाही, अशी तिची तक्रार.

‘मग अंगठा पुसायला वेळ होता तिला,’ मुलगी म्हणाली आणि खाली बसली. लँगच्या बाजूने बोलण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं. नोकरी सरकारी, फोटो सरकारजमा, त्यातला एक पेपरात छापून आल्यावर त्या तळावर अन्नधान्याची मदत पोचली. सगळं सांगितलं. वर्गाने ऐकून घेतलं. निकाल बदलला नाही.

मग माझे फोटो. सुरुवातीलाच प्रश्न आला, ‘मॅडम, रंगीत परवडत नव्हतं का?’ मी म्हटलं, उलट आहे. त्या काळी रंगीत रोल कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये तासाभरात धुऊन मिळायचा. कृष्णधवलसाठी मला स्वतः अंधारखोलीत हायपोच्या वासात रात्र काढावी लागे, आणि कागद महाग. तो मुलगा कळवळला. ‘मग फसवलं तुम्हाला.’

आता माझा सगळ्यात नावाजलेला फोटो. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढणारी बाई, मागे उगवतीचा प्रकाश, पाचटाचा धूर. या फोटोवर एका समीक्षकाने श्रमाचं शिल्प वगैरे लिहिलं होतं. वर्गात कुजबुज झाली.

‘हा संध्याकाळचा आहे,’ एक मुलगा म्हणाला.

‘पहाटेचा आहे. मी तिथे होते.’

‘गाडी बघा की. वरपर्यंत भरत आलीय. पहाटे कुठं एवढी भरती?’

‘अरे, मी होते ना तिथे.’

त्याने विचार केला. ‘मग रात्रीची भरणी उरकली नसणार. गाडी उशिरा आली असंल. म्हणजे ही बाई रात्रभर झोपलेली नाही.’

खरं होतं. गाडी रात्री बाराला यायची ती तीनला आली होती. समीक्षकाला तेव्हा शिल्प दिसलं होतं, आणि या मुलाला बाईची झोप. त्यानंतर दोघा जणांत ऊस कुठल्या जातीचा यावरून जुंपली. एक म्हणे शहाऐंशी-बत्तीस, दुसरा म्हणे दोनशे पासष्ट. कांडीची जाडी, पेऱ्यांतलं अंतर, सगळं काढलं. मी रचनेतल्या कर्णरेषेविषयी बोलणार होते ते राहूनच गेलं. मागून एक आवाज आला, ‘फळीखाली दगड लावलेला नाही, बाई पडंल,’ आणि सगळा वर्ग त्या बाईकडे काळजीने बघत बसला. पडली नाही, असं मी सांगितल्यावरच पुढची स्लाइड लावू दिली.

इथे शिपाईमामांनी पेनड्राइव्हमधलं चुकीचं फोल्डर उघडलं.

याला थोडी पार्श्वभूमी आहे. फडात फोटो काढले की माणसं म्हणतातच, ‘फोटो पाठवा बरं का.’ मी सुरुवातीपासून पाठवत आले. पण पहिल्याच हंगामात माझा कलात्मक प्रिंट हातात घेऊन एक बाई म्हणाल्या, ‘तोंड काळं, पाय तोडलेले, आणि केसात पाचट. हा पाठवलात व्हय?’ तेव्हापासून मी दोन कॅमेरे बाळगले. एकात काळा-पांढरा रोल, जगाला दाखवायचा. दुसऱ्यात रंगीत, ज्यांचा त्यांना द्यायचा. दुसऱ्यातले फोटो ते सांगतील तसे काढायचे. कोपीसमोर किंवा उसाच्या कडेला, सरळ उभं राहून, हात शरीराला चिकटवून, तोंड धुऊन, चेहऱ्यावर फोटोपुरता राग. हे फोटो मी कुणालाच दाखवत नाही. फोल्डरचं नावसुद्धा ‘द्यायचे’ एवढंच.

तर ‘द्यायचे’ पडद्यावर आलं आणि मी ‘मामा, मागे या’ म्हणेपर्यंत वर्ग पुढे गेला होता.

‘थांबा थांबा मामा! ती आमची मावशी!’

‘हे आपल्या वस्तीवरले तात्या. केस बघ कसले!’

‘मॅडम, तुम्ही हे आधी का नाही दाखवलं?’ हे स्टुडिओचे मालक. ते गेले नव्हते, दारात उभं राहून ऐकत होते. आता आत येऊन पहिल्या रांगेत बसले. ‘एकदम क्लिअर. पाय पण पूर्ण आलेत.’ माझ्या कारकिर्दीत एवढ्या मनापासून कुणी दाद दिलेली नाही.

एका कोपीवरच्या चार बायकांचे चार फोटो ओळीने आले. बारीक खड्यांची मुलगी पुन्हा उठली. ‘मॅडम, चौघींची साडी एकच आहे.’

मी चष्मा लावला. निळी, सोनेरी काठांची. चौघींच्या अंगावर तीच. ‘पदराला जळल्याचा डाग आहे बघा,’ मुलगी म्हणाली, ‘चुलीची ठिणगी असणार.’ पहिलीचा फोटो होऊन दुसरी समोर येईपर्यंत कोपीच्या मागे साडीची बदलाबदल चालली असणार आणि मी इकडे प्रकाश मोजत बसलेली. मग साडी मुळात कुणाची, यावर मुलींची बैठक बसली. निर्णय फार वेळ लांबला नाही. ब्लाउज एकमेकींना होत नाही. तिसरीचा ब्लाउज साडीला जुळतोय, म्हणून साडी तिसरीची. एखाद्या संशोधकाला यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती लागली असती.

मुलं मागे कशी राहतील? त्यांनी पुरुषांचे फोटो मोठे करायला लावले. मनगटावर घड्याळ सगळ्यांच्या, आणि सगळ्या घड्याळांत पावणेपाच. घड्याळ एकच होतं आणि तेही बंद.

हाइनची बटणं मी तासाभरापूर्वी शिकवली होती. बटणांशिवाय वाचता येणारा वर्ग समोर बसलाय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं स्पष्ट मत झालंय की लपूनछपून, नकळत टिपलेल्या फोटोचं जे स्तोम आमच्या धंद्यात आहे ते जरा आवरतं घ्यावं. बेसावध माणूस खरा असेलही. पण सावध उभ्या राहिलेल्या माणसाने त्या दिवशी काय लपवलं, काय मागून आणलं आणि कुणाकडून, हे सगळं कागदावर ठेवून दिलेलं असतं. वाचणारं कुणी घरचं हवं. पी. साईनाथ यांनी दहा राज्यांतल्या कष्टकरी बायकांचे फोटो कलादालनांपेक्षा बसस्टँडवर, कारखान्यांत, गावांत नेऊन लावले. त्यामागे दुसरी कारणं असतील, मला मात्र त्या दुपारी हेच कारण पटलं.

पुढचा फोटो एका म्हाताऱ्या बाईचा. मागे उभा ऊस. तिसऱ्या रांगेतला मुलगा म्हणाला, ‘ही आमची आजी. हाच फोटो घरी आहे. पण आमच्या फोटोत ऊस नाही.’

‘नसणार,’ स्टुडिओवाले म्हणाले. ‘मीच मोठा करून दिलाय. मागचा ऊस काढला, बाग टाकली. धबधबा आहे, दोन हंस आहेत.’

माझ्यातली शुद्धतावादी उसळली. ‘अहो, ऊस का काढलात? तोच तर…’

‘मी कशाला काढू? घरच्यांनी सांगितलं. म्हातारी गेली, आता तरी तिला उसात उभी करू नका म्हणाले.’

मी धबधब्याविषयी पुढे काही बोलले नाही. हंसांविषयी बोलायचं होतं, तेही सोडून दिलं.

प्रश्नोत्तरांत महिन्याला किती सुटतात, लग्नाच्या ऑर्डरी घेता का, ड्रोन आहे का, हे होऊन गेलं. जाता जाता मी मुलांना काम दिलं. तुमच्यातले जे हंगामात आईवडिलांबरोबर जातील त्यांनी मोबाइलवर दहा-दहा फोटो काढून आणा, हंगाम संपून कारखान्यांचा पट्टा पडला की मी पुन्हा येते. विषय तुमचा. उजेडाकडे पाठ, क्षितिज सरळ, फ्रेमच्या कडा तपासा. सरांनी फळ्यावर लिहूनही घेतलं.

उन्हाळ्यात गेले. बैलांचे फोटो आले, बैलांबरोबरचे स्वतःचे फोटो आले. एकाने फडात मोटारसायकलवरच डुलक्या घेणाऱ्या चिठ्ठीबॉयचे दहाच्या दहा काढले होते, वेगवेगळ्या तारखांचे. त्याचं मी कौतुक केलं. क्षितिज कुणाचंही सरळ नव्हतं.

बारीक खड्यांच्या मुलीने आणली होती एक वही. म्हणजे वहीचे फोटो, पानापानाचे. टोळी आणणाऱ्या मुकादमाची वही. कोणत्या कोयत्याला किती उचल दिली, किती खाडे धरले, खाड्याचे किती कापले, शेवटी अंगावर बाकी किती. अक्षर गिचमिड, पान तिरकं, वर फ्लॅशचा पांढरा डाग. फोटो म्हणून सांगायचं तर नापास. प्रत्येक फोटोखाली मात्र पट्टा होता. गाव, तालुका, जिल्हा, तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश. बाहेरचं तापमानसुद्धा. मी दीड तास बोलले होते, आणि पोरीने उचललं होतं ते सरांच्या मोबाइलमधलं.

‘त्यानं काढू कसे दिले?’

‘कॉलेजचा प्रोजेक्ट आहे म्हटलं. त्यालाच पानं धरायला लावली. माझे हात हलत होते.’

मी वाखाणलं, आणि मग तोंडाला लागलेली जुनी सवय. म्हटलं, ‘फक्त हा कोपऱ्यात अंगठा येतोय बघ प्रत्येक फोटोत. तेवढा कापून टाक, नजर तिकडेच जाते.’

तिने मोबाइल स्वतःकडे ओढून घेतला.

‘अंगठा राहू द्या मॅडम. तो मुकादमाचा आहे. नख बघा, काळं. ट्रॉलीच्या फाळक्यात सापडलं होतं, सगळा तालुका ओळखतो. उद्या म्हणला ही वही माझी नाही, तर?’

स्टुडिओचे मालक या वेळीही आलेले होते. ते तिच्या खांद्यावरून वाकून बराच वेळ त्या नखाकडे बघत राहिले.

‘पोरी, हे सगळे मोठे करून देतो,’ ते म्हणाले. ‘बारा बाय अठरा. बॅकग्राउंड आहे तेच ठेवतो.’